वार्सिनीचे दोन गुडघे

वार्सिनी मला पहिल्यांदा दिसली ती जमिनीवर बसलेली. आमच्या व्यायामाच्या खोलीबाहेर तीन बाक आहेत, तिन्ही रिकामे होते, आणि ही बाई भिंतीला पाठ टेकून, उजवा पाय लांब पसरून फरशीवर बसली होती. आमच्याकडे ताईला म्बाक म्हणतात. मी म्हटलं, "म्बाक, वर बसा ना."

"बाकावरून उठताना निसटते," ती म्हणाली. "खाली बसलं की आणखी खाली पडायला जागाच राहत नाही." आणि हसली.

सोलो शहरातल्या या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. गुडघे पुष्कळ पाहिले होते. दुखणारा गुडघा घेऊन येणारं माणूस त्रासलेलं असतं. पण ज्याच्या गुडघ्याची वाटी निसटते ते माणूस वेगळं ओळखू येतं. ते आधी जमीन बघतं, मग तुमच्याकडे.

वार्सिनी तेहतीस वर्षांची होती आणि जामू, म्हणजे औषधी काढे, विकायची. नगुतेरकडच्या बायका आजीपणजीपासून हेच करत आल्या आहेत. पहाटे हळद आणि चिंच वाटायची, तांदूळ आणि कचोरा वाटायचा, गुळवेलीचं कडू उकळायचं, सगळं गाळून बाटल्यांत भरायचं, बाटल्या टोपलीत उभ्या करायच्या आणि टोपली रुंद कापडानं पाठीला बांधून निघायचं. हातात पेले विसळायची बादली. भरलेल्या टोपलीचं वजन वीस किलोंच्या आसपास. कुणी हाक मारली की टोपली उतरवायची, उकिडवं बसायचं, ओतायचं, तो पीत असताना दोन गोष्टी बोलायच्या, पेला विसळायचा आणि टोपली घेऊन उठायचं. दिवसातून किती वेळा, असं मी विचारलं तर तिला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तिनं मोजलं. एकसष्ट.

तिची उजवी वाटी पहिल्यांदा निसटली ती तेराव्या वर्षी, शाळेच्या अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना. गावातल्या हाडवैद्यानं पाय हळूहळू सरळ करत ती जागेवर बसवली. तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा ठरलेलं. पुढे पुढे ती स्वतःच बसवायला शिकली. चोविसाव्या वर्षी तिच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं. वाटी बाहेरच्या बाजूला जाते, म्हणून बाहेरचे ताणलेले पदर कापून सैल केले होते. तेव्हा तसं बरेच जण करायचे. नुसतं तेवढं केल्यानं भागत नाही, हे पुढे कळलं. तिची दोन वर्षं बरी गेली, आणि मग वाटी आधीपेक्षाही सहज निसटायला लागली.

या खेपेला ती कार्तासुराच्या बाजारात पडली होती. खड्डा नव्हता की चिखल नव्हता. तांदळाच्या दुकानापुढे नुसती वळली. सहा बाटल्या फुटल्या, तळहाताला टाके पडले.

"मुंग्यांना महिन्याचा शिधा मिळाला," ती म्हणाली. "आणि दुकानदार म्हणतो, म्बाक, सकाळी सकाळी काय प्यायलीस? म्हटलं, तुझ्या उधारीचा घोट."

तीन महिने मी तिच्याकडून मांडीचे आणि कमरेचे व्यायाम करून घेतले. तिच्याइतकं मनापासून करणारं माणूस मला क्वचितच भेटलंय. मांडी भरली, चाल सुधारली. आणि एका मंगळवारी, माझ्याच खोलीत, सपाट फरशीवर, माझ्या डोळ्यांदेखत वाटी निसटली. ती ओरडली नाही. खाली बसली, ओठ दाबून पाय सरळ केला, वाटी आत ढकलली आणि मला म्हणाली, "घाबरू नका." मलाच धीर देत होती.

त्यानंतर आम्ही डॉक्टर प्रनोतोंकडे गेलो. पन्नाशीचे, बोलायला सावकाश, टेबलावर प्लास्टिकचा गुडघा ठेवणारे. त्यांनी तिच्या गुडघ्याचे फोटो लावले आणि समजावून सांगितलं की वाटी एका खोबणीतून वरखाली सरकते. वार्सिनीच्या बाबतीत तीन गोष्टी जुळून आल्या होत्या. वाटीला आतल्या बाजूनं धरून ठेवणारा बंध केव्हाच तुटून गेला होता. खोबण थोडी उथळ होती. आणि वाटीखालची दोरीसारखी कंडरा नडगीच्या हाडावर जिथे चिकटते, ती जागा जरा बाहेर होती. म्हणून दर पावलाला वाटीला तिरकी ओढ बसायची.

"म्हणजे मूळचीच खोट," वार्सिनी म्हणाली.

"खोट नाही. घडण."

"बरं. घडणीतली खोट."

डॉक्टर हसले. "करण्यासारखं तीन प्रकारचं आहे. एक, मांडीच्या मागच्या कंडरेचा तुकडा घेऊन आतला बंध नवा बांधायचा. हाड कापायचं नाही. लवकर चालता येतं. दोन, बंध बांधायचाच, शिवाय नडगीवरचा तो हाडाचा तुकडा कापून आत सरकवायचा आणि दोन स्क्रूंनी बसवायचा. म्हणजे ओढ सरळ होते. पण हाड जुळेपर्यंत दीड-दोन महिने कुबड्या. तीन, खोबणच कोरून खोल करायची. ते मोठं काम आहे, गुडघा आखडायची भीती असते. तुमची खोबण तितकी वाईट नाही, तेव्हा ते सोडून द्या."

"मग पहिलं की दुसरं?"

"ती जागा किती बाहेर आहे हे आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो. वीसच्या बरीच पुढे असती तर मी तुम्हाला विचारलंच नसतं, म्हटलं असतं हाड सरकवू. पंधराच्या आत असती तर हाडाला हात लावला नसता. तुमचे भरतात अठरा."

"आणि तुमची पुस्तकं काय म्हणतात?"

"पुस्तकं आपसात भांडतात, म्बाक. काही ठिकाणी नुसता बंध बांधलेलेही तितकेच बरे निघालेत. काही ठिकाणी हाड सरकवलेल्यांची वाटी कमी निसटली, पण त्यांना दुसरे त्रास झाले. माणसं थोडी, प्रत्येकाची घडण वेगळी. मी खात्रीनं सांगतो असं म्हटलं तर ते खोटं होईल."

डॉक्टरांनी असं बोललेलं पेशंटला सहसा आवडत नाही. वार्सिनीला आवडलं. मग त्यांनी तिला नेहमीचा कागद भरायला दिला. धावता येतं का, उडी मारता येते का, जिना चढता येतो का. तिनं तो दोनदा वाचला.

"यात उकिडवं बसणं एका ओळीत उरकलंय. वीस किलो घेऊन उठणं तर नाहीच. हा कागद कुणासाठी केलाय?"

"चेंडू खेळणाऱ्यांसाठी, बहुतेक," डॉक्टर म्हणाले.

"मग मला माणसं दाखवा. दोन्ही प्रकारची. मी विचारते त्यांना."

असं आधी कुणी मागितलं नव्हतं. डॉक्टरांनी जुन्या पेशंटांना फोन करून परवानगी विचारली. दोघे तयार झाले. तिला बसमध्ये चढायची धास्ती, म्हणून एका रविवारी मीच तिला माझ्या स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. ती एका बाजूला पाय सोडून बसली होती आणि वाटेतला प्रत्येक खड्डा मला आधीच सांगत होती.

पहिलं घर बु रुक्मियातींचं, म्हणजे रुक्मियातीबाईंचं. त्या मुलींना दरबारी नाच शिकवतात. वय चाळीस, कणा ताठ, घरातही अंबाडा नीट घातलेला. पाच वर्षांपूर्वी त्यांचा नुसता बंध बांधला होता. त्यांनी चहा आणि तळलेली केळी पुढे ठेवली आणि न सांगताच गुडघे मुडपून पोटऱ्यांवर बसून दाखवलं. मग हात न टेकता उठल्या. वार्सिनीचे डोळे चकाकले. तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. उकिडवं बसता येतं? येतं, पण उजवी टाच जराशी उचलते, शेवटचं बोटभर वाकणं परत आलं नाही. नमाजात सजदा, गुडघे-कपाळ टेकणं? सहज. कुबड्या किती दिवस? तीन आठवडे. नाच केव्हा? पाच महिन्यांनी.

मला वाटलं, झालं, ठरलं. मी केळी संपवली. तेवढ्यात वार्सिनीनं विचारलं, "चालताना आठवते का?"

"काय?"

"वाटी. की निसटेल म्हणून."

बु रुक्मियातींनी चहाची किटली उगाच उचलून परत ठेवली. "गेल्या वर्षी एकदा निसटली," त्या म्हणाल्या. "रंगमंचावर. वळताना. मी तशीच हात पसरून खाली बसले, जणू नाचातच होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"डॉक्टरांना सांगितलंत?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. आज तुम्हालाच." मग वार्सिनीकडे बघून म्हणाल्या, "आठवते. रोज."

मी त्यांना डॉक्टरांकडे यायला सांगितलं, आणि पुढे त्या आल्याही.

दुसरे क्लातेनचे मास, म्हणजे दादा, विबिसोनो, एकोणतिशीचे, बॅडमिंटन शिकवणारे. त्यांचा बंध बांधला होता आणि हाडही सरकवलं होतं. अंगणातच त्यांनी एका पायावर दहा उड्या मारून दाखवल्या. त्यांची आई आतून ओरडली, "पुरे कर ते माकडचाळे!"

"आता गुडघ्यावर बसून दाखवा," वार्सिनी म्हणाली.

त्यांनी पायजमा वर केला. गुडघ्याखाली वीतभर वण आणि त्यात बोराएवढा उंचवटा. "इथे स्क्रूचं डोकं आहे. यावर भार दिला की ब्रह्मांड आठवतं. मशिदीत मी मागे खुर्चीवर नमाज पढतो. म्हातारे सरकून जागा देतात आणि म्हणतात, ये रे बाबा आमच्यात. स्क्रू काढता येतात म्हणे. अजून धीर झाला नाही."

"कुबड्या?"

"दोन महिने. आईला विचारा, मी काय छळलं ते."

"आणि चालताना आठवते का?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. तिनं पुन्हा विचारला. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दुखतं तेव्हा गुडघा आठवतो," ते म्हणाले. "निसटणं... नाही हो. विसरलो."

परतताना रेल्वेच्या फाटकात आम्ही अडकलो. गाडी यायला वेळ होता. मी न राहवून माझं मत सांगून टाकलं. म्हटलं, म्बाक, तुमचं सगळं पोट उकिडवं बसण्यावर आहे. बु रुक्मियातींची एकदाच निसटली, पाच वर्षांत एकदा. तुमची महिन्यातून एकदा निसटते. बंध पुरे.

ती म्हणाली, "माझी मुलगी असिह सहा वर्षांची आहे. मी तिला कडेवर घेऊन चार पावलं कधी चालले नाही. तान्ही होती तेव्हा मी आधी बसायचे, मग माझा नवरा पार्दी तिला माझ्या मांडीवर ठेवायचा. पाजून झालं की त्याला हाक मारायची. तो कामावर असला तर सासू. रात्री ती रडली तरी मी बसूनच."

फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"बसायची दुसरी रीत मी शोधीन," ती माझ्या कानाशी म्हणाली. "चालायची दुसरी रीत नाही."

तीन महिने मी तिच्याबद्दल कागदांवर लिहीत होते. हे त्यातल्या एकाही कागदात नव्हतं. कारण मी ते विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही केलं, बंध आणि हाड. वार्सिनीचा नवरा पार्दी टोफूच्या कारखान्यात कामाला. त्यानं पहाटेची हळद वाटायचं स्वतःकडे घेतलं आणि कामावर जाण्याआधी सायकलवरून दोन गल्ल्या फिरायला लागला. त्याचे हात इतके पिवळे झाले की कारखान्यातले लोक टोफूला रंग लागेल म्हणून त्याला शिवू देईनात. आणि त्याचं गुळवेलीचं कडू! वार्सिनीच्या गिऱ्हाइकांनी निरोप पाठवला की बाईला म्हणावं लवकर ये, तुझा नवरा आम्हाला कशाची तरी शिक्षा देतोय.

पण लवकर झालं नाही. आठव्या आठवड्यातल्या एक्स-रेत हाडातली फट तशीच दिसत होती. बाराव्या आठवड्यात जरा धूसर झाली, एवढंच. डॉक्टर म्हणाले, थांबायचं, होईल. कुबड्या सुटेनात. मांडी काडीसारखी झाली. इतक्या वर्षांत मी वार्सिनीला रागावलेली पाहिली ती त्याच दिवसांत.

"तुम्ही म्हणाला होतात, बंध पुरे," ती एकदा व्यायामाच्या पलंगावरून म्हणाली. "मी ऐकलं नाही. आता मनातल्या मनात म्हणत असाल, भोग."

"नाही हो."

"खरं सांगा."

मी खरं सांगितलं. भोग असं नाही, पण तिनं माझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. ती पाय उचलायला लागली. एक, दोन, तीन. त्या दिवशी तिनं ठरल्यापेक्षा दुप्पट केले आणि जाताना माझ्याशी बोलली नाही.

सोळाव्या आठवड्यात हाड जुळलं. सातव्या महिन्यात ती अर्ध्या बाटल्या घेऊन निघाली. दहाव्यात भरलेली टोपली. वाटी निसटली नाही. बाजारात वळताना, ओल्या फरशीवर, बसमधून उतरताना, कुठेच नाही. तरी पहिले काही महिने ती प्रत्येक वळणावर थबकायची. सवय सुटायला हाडापेक्षा जास्त वेळ लागला.

असिहला तिनं उचललं ते एका लग्नात. वार्सिनीनंच मला सांगितलं. जेवणं झाली होती, पोरगी पेंगत होती, हिनं तिला कडेवर घेतलं आणि मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. असिह तोवर सात वर्षांची, लांबसडक पायांची झालेली. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, खाली ठेव ना गं. सगळे बघतायत."

"ठेवलंत?" मी विचारलं.

"खुर्चीपर्यंत नाही ठेवलं."

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. उंचवटा दुखायचाच. चौदाव्या महिन्यात डॉक्टरांनी स्क्रू काढले, तेव्हा दुखणं निम्म्यावर आलं. पण गेलं नाही. ती घरी सजदा करते तो उशी घेऊन. पूर्ण उकिडवं बसता येतं, पण बसून राहता येत नाही. म्हणून तिनं गावच्या सुताराकडून वीतभर उंचीचं हलकं स्टूल करून घेतलं, ते टोपलीला बांधून नेते. पहिल्या दिवशी तांदळाच्या दुकानदारानं विचारलं, "काय बाईसाहेब, आता खुर्ची? ऑफिस कुठे उघडलंय?"

"तुझ्यासमोर," ती म्हणाली. "अर्ज लिहून आण, मग जामू मिळेल."

माझ्या मनात हिशेब इथेच मिटला असता. माझं मत चुकलं आणि तिचं बरोबर निघालं, असं मी विद्यार्थ्यांना सांगायलाही लागले होते. मग तिसऱ्या वर्षी तिचा डावा गुडघा निसटायला लागला.

डावा आधीही थोडा सैल होता. उजव्याच्या कुबड्यांच्या दिवसांत त्यानं सगळा भार घेतला होता. चार महिन्यांत तीनदा निसटला तेव्हा ती पुन्हा डॉक्टर प्रनोतोंसमोर बसली. या वेळी ती तयार होऊन आली होती.

"हाड सरकवा," ती म्हणाली. "बंधही बांधा. उजव्यासारखंच."

डॉक्टरांनी फोटो दाखवले. "याची जागा तेरावर आहे. खोबण बरी आहे. ओढ सरळच आहे. इथे नुसता आतला बंध गेलाय, तो बांधला की झालं."

"उजव्याला केलंत ना?"

"त्याला गरज असू शकत होती. याला नाही. जे हाड जागेवर आहे ते आणखी आत नेलं तर वाटी आतून घासायला लागेल, म्बाक. मी ते करणार नाही."

"आणि रंगमंचावर निसटली तर?"

बु रुक्मियातींचं त्यांना आता ठाऊक होतं. डॉक्टरांनी रुक्मियातींचे जुने फोटो पुन्हा काढून पाहिले होते. "त्यांची जागा एकवीसवर होती," ते म्हणाले. "त्यांना कुबड्या नको होत्या आणि मी त्यांचं ऐकलं. तेव्हा मी जास्त आग्रह धरायला हवा होता."

वार्सिनी दोन आठवडे विचार करत होती. एक दिवस व्यायामाच्या खोलीत आली आणि मला म्हणाली, "तुमचं काय मत?"

मागच्या वेळचं आठवून मी जीभ आवरली. म्हटलं, माझं मत राहू द्या. तुम्हाला भीती कशाची वाटते ते सांगा.

तिनं दोन्ही गुडघ्यांवर दोन हात ठेवले. "उजव्यानं मला सोसायला लावलं, पण शब्द पाळला," ती म्हणाली. "हा डावा सोपं म्हणतोय. सोप्यावर माझा विश्वास बसत नाही."

उपासाचा महिना संपल्यावर तिनं डाव्याचा नुसता बंध बांधून घेतला. चौथ्या आठवड्यात कुबडी टाकली. चौथ्या महिन्यात टोपली घेऊन निघाली. डाव्या गुडघ्यावर ती आता बसू शकते, टेकू शकते, तासभर भाजी निवडू शकते. त्यालाही दीड वर्ष होऊन गेलं आणि तो एकदाही निसटलेला नाही.

नवे पेशंट कधी कधी तिला शोधत तिच्या स्टुलापाशी जातात. कुठलं ऑपरेशन चांगलं, असं विचारतात. ती त्यांना आधी पेला भरून देते, मग विचारते, तुमचे किती मिलिमीटर? मग विचारते, दिवसभर काय काम करता? पुष्कळांना पहिल्याचं उत्तर देता येतं आणि दुसऱ्याला ते गोंधळतात.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी बसनं सुकोहार्जोला गेलो होतो. ती माझ्यापुढे चढत होती. दारात गर्दी होती, पायरी उंच होती. तिनं दांडा धरला, क्षणभर खाली बघितलं आणि उजवा पाय वर टाकला.

"डावा का नाही?" मी मागून विचारलं. "तो दुखत नाही ना?"

"दुखत नाही म्हणूनच तर कळत नाही, जागेवर आहे की नाही ते," ती म्हणाली, आणि मला हात देऊन वर ओढलं.